माझ्या कार्डाची मागची बाजू

मॅडम, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली.

हे आधीच सांगून टाकते. तुमच्यापुढं मला खोटं कधी जमलं नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून आता जमायला लागलंय असंही नाही. आदिलाबादजवळ मावल्याला तुमच्या अंगणात मांडव घातला होता. आम्ही तुमचे विद्यार्थी एका बाजूला बसलो होतो, पांढऱ्या कपड्यांत, सगळे वयानं थोराड. एकीच्या मांडीवर तर तिचं नातवंड झोपलं होतं. त्रिशरण-पंचशील झालं. तुमच्या मुलीनं विचारलं, आईबद्दल कोणी बोलणार का? मी पदर सावरून उठेपर्यंत माईक वंदनाच्या हातात गेला होता. वंदना म्हणजे माझी धाकटी जाऊ. तीन वर्षांपूर्वी मीच जिला बसमध्ये बसवून तुमच्याकडं आणलं, ती.

आणि तिनं सांगितली ती माझी गोष्ट. ‘कावुन’ची. “आमच्या केंद्रावर एक ताई होती,” असं म्हणून सांगितली. लोक रडता रडता हसले. मी नाही हसले. फजिती माझी, आणि ती तिच्या तोंडून, माझं नावही न घेता.

एवढ्यावर थांबलं असतं तर घरी येऊन मी चार भांडी जोरात आपटली असती आणि विसरले असते. पण जेवणं झाल्यावर तुमच्या मुलीनं पर्समधून किल्ली काढली, आणि तीही वंदनालाच दिली. कार्डांच्या कपाटाची किल्ली. कॉलेजला कपाट रिकामं करून हवं आहे, ज्याचं कार्ड त्याला पोचवा, असं ती म्हणाली. मॅडम, त्या कपाटात माझंही कार्ड आहे. तुम्ही ते लिहिलंत त्याला सहा वर्षं होत आली आणि मी ते एकदाही वाचलेलं नाही. आता वाचायचं तर वंदनाकडं हात पसरायचा.

त्याच रागात हे लिहायला बसले आहे.

मी पहिल्यांदा आले तो रविवार तुम्हाला आठवत असेल की नाही, ठाऊक नाही. तुमच्याकडं इतकी माणसं आली. मला आठवतो. नार्नूरहून पहिली बस पकडून आदिलाबादला आले होते. पिशवीत दहावीचा मेमो, म्हणजे मार्कांचा कागद, त्याला प्लास्टिकचं कव्हर. दहावी होऊन सतरा वर्षं झाली होती. अंगणवाडीत आया होते, म्हणजे मुलांचं नाक पुसणं, खिचडी शिजवणं आणि टीचर बाई म्हणतील ते. मुक्त विद्यापीठाचं केंद्र कॉलेजच्या लायब्ररीत रविवारी भरायचं आणि तुम्ही लायब्ररीच्याच मॅडम होतात. दारावर तेलुगूत पाटी होती, ‘कौन्सिलर’. आमच्या गावात त्याचं ‘काऊन सिलर’ झालं होतं. मला वाटायचं, तुम्ही सगळ्यांना ‘काऊन’, म्हणजे ‘का’, विचारता म्हणूनच सरकारनं हे नाव दिलं असेल.

तुम्ही मेमो हातात घेतलाच नाही. जुन्या लाकडी कपाटाचा लहानसा खण ओढलात. पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर गेल्यापासून त्या खणांत उरलेली जाड कार्डं कोरीच पडून होती. त्यातलं एक काढलंत, माझं नाव लिहिलंत आणि विचारलंत, “शिकाचं काऊन?”

“सुपरवायझर व्हायचं हाय, मॅडम.”

“ते लोकाले सांगाचं. मले सांग, काऊन?”

“सुपरवायझरच व्हायचं हाय.”

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलंत. मी तीन शब्द बोलले होते. तुम्ही मात्र त्यापेक्षा बरंच लिहिलंत, कार्ड खणात ढकललंत आणि म्हणालात, “बरं. आधी इंटर करू, मंग डिग्री. पुढच्या रविवारी टी.सी. आन. आता जाय, तुई बस निंगून जाईन.”

खरं कारण मी तेव्हा सांगितलं नाही, आज सांगते. आमच्या घरात माझा बाप सालगडी होता म्हणून मी दहावी म्हणजे लई शिकलेली. सासरीही तसंच. पाटीवरचं नाव वाचायचं असो की पोरांचं प्रगतिपत्रक, “शोभाले इचारा” असं सासरे म्हणायचे. मग वंदना सून होऊन आली. इंटर म्हणजे बारावी पास, आदिलाबादच्या शाळेतली, तेलुगू पाण्यासारखं बोलणारी. तिला येऊन महिनाही झाला नव्हता. तहसीलमधून जमिनीचा तेलुगू कागद आला. मी तो बोट ठेवून वाचत होते, एकेक अक्षर जोडत. सासऱ्यांनी माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि माझ्या डोक्यावरून तिच्याकडं दिला. “दे इकडं, सिकलेली सून वाचीन.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तिनं अर्ध्या मिनिटात वाचला, वर मला पाणीही आणून दिलं. ते पाणी मी प्यायले नाही. पुढच्याच रविवारी तुमच्याकडं आले.

आता तुमच्या कार्डांची पद्धत. ती मी तुमच्याइतकीच जाणते, हे तरी मला म्हणू द्या. शिकता शिकता कोणी मोडायला लागलं, फॉर्म भरायचा नाही म्हणालं, की तुम्ही समजावत बसायच्या नाहीत. खण ओढायच्या, त्याचं कार्ड काढून टेबलावर त्याच्यापुढं ठेवायच्या आणि आपण पुस्तकांना कव्हरं घालत बसायच्या. समोरचा वाचायचा. कधी रडायचा. मग म्हणायचा, “कुठं सही कराची?” बस कंडक्टर भीमरावभाऊंचं कार्ड दोनदा निघालं. माझं कधीच नाही. कारण मी कधी मोडलेच नाही. एकही रविवार चुकवला नाही, एकही पेपर राहिला नाही.

आणि त्या कार्डांना मागची बाजू आली ती माझ्यामुळं. हे वंदनानं माईकवर सांगितलं नाही, म्हणून इथं सांगते.

इंटरच्या वेळची गोष्ट. माझे पोस्टानं पाठवायचे गृहपाठ पोचले नाहीत म्हणून केंद्रावरून पत्र आलं, तेलुगूत. घरी तेव्हा वंदना होती, पण तिच्याकडून मी ते मेले तरी वाचून घेतलं नसतं. स्वतःच वाचायला बसले. तिसऱ्या ओळीत एक शब्द लख्ख कळला. कावुन. मला वाटलं, साहेब विचारतात, काऊन? गृहपाठ काऊन पाठवले नाहीत? मग मी प्रामाणिकपणे लिहिलं. मराठीत, दोन पानं पाठपोट. सासूबाईंचा गुडघा, कापसाची वेचणी, अंगणवाडीत पोरांची वजनं घ्यायचं काम, आमच्या पोस्टमनचं दारू पिणं, सगळं. खाली ‘आपली आज्ञाधारक’.

कोऑर्डिनेटर सर ते कागद दोन बोटांत धरून तुमच्याकडं आले. “मॅडम, ये क्या है? कोर्ट का कागज है क्या?” तुम्ही वाचलंत आणि इतक्या हसलात की चष्मा काढावा लागला.

“अवं शोभे, तो इचारून नाई राह्यला! तेलुगूत कावुन म्हनजे ‘म्हनून’. म्हनून लगेच पाठवा, असं म्हनून राह्यला तो!”

मी लाजेनं खाली बघत उभी. तुम्ही डोळे पुसलेत, चष्मा परत चढवलात. मग हळूच म्हणालात, “पाह्य ना. आपल्या बोलीत सवाल, अन् त्यायच्या बोलीत जवाब. शब्द एकच.” पुढच्या रविवारी आले तर तुम्ही खणच्या खण बाहेर काढून बसला होतात. प्रत्येक कार्डाच्या मागे लाल शाईनं, तेलुगू अक्षरांत, एकच शब्द लिहीत होतात. कावुन. त्याच्यापुढं जागा. “जो पास होईन त्यानं इथं लिवाचं,” तुम्ही सांगितलंत. “काऊन सिकलो ते समोर. अन् सिकलो म्हनून काय झालं ते मांगं.”

त्यानंतर जो जो पास झाला त्यानं पेढे आणले, आपलं कार्ड वाचलं, मागे लिहिलं. भीमरावभाऊंनी लिहिलं, ‘कावुन पोरीच्या शाळेत मीटिंगले मीच गेलो.’ बेज्जूरच्या दवाखान्यातल्या आयाबाईनं लिहिलं, ‘कावुन आता खुर्चीवर बसते.’ मी सगळ्यांची वाचत गेले आणि मनात माझं जुळवत गेले. हा शब्द मीच तर दिला होता. माझं वाक्य सगळ्यांत चांगलं असणार होतं.

मग मी वंदनाला आणलं. ही माझी दुसरी चूक, तेलुगूपेक्षा मोठी. एका रविवारी मी निघताना ती दारात उभी राहिली. “ताई, मी बी येऊ?” मला तिच्यावर उपकार करायचे नव्हते, मॅडम. तुम्ही मला कसं ओळखता, माझ्यासाठी खुर्ची कशी सरकवता, ते तिला दाखवायचं होतं. तुम्ही खुर्ची सरकवलीत. तिच्यासाठी.

पुढची तीन वर्षं मी नुसती बघत होते. दोघी एकाच वर्गात, डिग्रीच्या. ती तेलुगूत हुशार, पण तिचा पाय ठरायचा नाही. पहिल्या वर्षी मोडली, तुम्ही कार्ड काढलंत. दुसऱ्या वर्षी पोरगी झाली, पुन्हा मोडली, पुन्हा कार्ड. मी शेजारी बसून माझे गृहपाठ व्यवस्थित फायलीत लावत होते. तुम्ही माझी फाईल घ्यायच्या, वजन करावं तशी हातात तोलायच्या, “छान” म्हणून ठेवून द्यायच्या. “छान” ऐकायला मी चार तास बसचा प्रवास करत होते, आणि तिच्यावर तुमचा अख्खा रविवार जात होता.

म्हणून एकदा मी नाटक केलं. सांगितलं, “मॅडम, मी सोडून राह्यले. मले नाई जमत.” खणाकडं बघत होते. तुमचा हातसुद्धा हलला नाही. पुस्तकाला डिंक लावता लावता म्हणालात, “बरं. चहा पिऊन जाय.” मी चहा प्यायले. मग तुम्ही वर न बघता म्हणालात, “पुढच्या रविवारी इतिहासाचं दुसरं पुस्तक घेऊन ये. अन् असं खोटं रडू नोको, काजय पसरते.” तेव्हा मीही हसले. पण बसमध्ये हसू नव्हतं आलं.

आणि तो दिवस, तुम्ही आमच्या घरी आलात तो. मला सकाळी कळलं असतं तर अंगण सारवलं असतं. वंदनानं तिसऱ्यांदा सोडलं होतं, केंद्रावर येत नव्हती, म्हणून तुम्ही स्वतः बसनं आलात, वंदनाचं कार्ड पर्समध्ये घेऊन. बाजेवर बसून तिच्याशी दोन तास बोललात. मी चुलीवर चहा केला, पोहे केले, पुन्हा चहा केला. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून तुम्ही म्हणालात, “चहा चांगला झाला होता.”

बसथांब्यापर्यंत पोचवायला मीच आले. माझ्याच्यानं राहवलं नाही. “माह्यासाठी कधी आल्या नाई तुमी.”

“तुह्यासाठी काऊन यीन? तू घरी सापडते का? तू तर केंद्रावर असते.”

“म्हनजे मीबी यायचं सोडते, मंग येसान.”

“नाई येनार,” तुम्ही म्हणालात.

“काऊन?”

बस आली. तुम्ही चढलात, खिडकीतून काहीतरी बोललात, ते घंटीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा विचारीन असं ठरवलं आणि विचारलं नाही. आपलं भांडण तिथंच, थांब्यावर राहिलं आहे.

माझा निकाल लागला. आमच्या दोन्ही घरांत, माहेरी आणि सासरी, पदवीपर्यंत गेलेलं पहिलं माणूस मी. पेढे घेऊन रविवारी आले तर लायब्ररीला कुलूप. तुम्हाला नागपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. मी फोन केला नाही, मॅडम. तुमच्यासमोर उभं राहून सांगायचं होतं, कार्ड वाचायचं होतं, मागे लिहायचं होतं. तुम्ही परत याल असं धरून पेढे वाटूनही टाकले नाहीत, वाळून गेले. वंदना मात्र रोज फोन करत होती. माझ्या निकालाची बातमी तुम्हाला तिनंच दिली. माझी बातमीसुद्धा तिच्या तोंडून गेली. “काय म्हनल्या मॅडम?” मी विचारलं. ती म्हणाली, “हासल्या. म्हनल्या, शोभाचं कार्ड भराचं राह्यलं.”

नंतर चार दिवसांनी तुम्ही गेलात.

इथपर्यंत लिहून मी परवा थांबले होते. पुढचं काल सकाळचं आहे.

वंदना एकटीच आदिलाबादला जाऊन कपाट उघडून आली होती. सकाळी मी अंगणात आले तर ती न्हाणीपाशी पाणी तापवत होती. रात्री पाऊस झाला होता, सगळी पऱ्हाटी, कापसाच्या काड्या, भिजलेली. फुंकणी घेऊन फुंकत होती, डोळे लाल, नुसता धूर. मला बघून तिनं फुंकणी खाली ठेवली आणि पोलक्यातून दोन कार्डं काढली.

“हे तुमचं, ताई. मी पाह्यलं नाई. शप्पत.”

“अन् दुसरं?”

“माहं. ते चुलीत टाकनार हाय मी. एक पेपर राह्यला, तो काई मी देत नाई आता. मॅडमच नाई राह्यल्या.”

मी माझं कार्ड उघड्या हातावर धरलं. मॅडम, तुमचं अक्षर किती बारीक. वर माझं नाव. खाली ‘काऊन : सुपरवायझर’, आणि त्याच्यावर एक आडवी रेघ. रेघेखाली तुम्ही लिहिलं होतं :

‘जळण. वाळलेलं. फुंकायची गरज नाही.’

मी दोनदा वाचलं. तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझं सुपरवायझर तुम्ही खोडून टाकलं होतं आणि सहा वर्षं मला एका शब्दानं लाजवलं नव्हतं. माझ्या तोंडावर काय दिसत होतं देव जाणे, वंदना म्हणाली, “तुमाले बी जयनच लिवलं काय?”

“म्हनजे?”

तिनं तिचं कार्ड माझ्यापुढं केलं. तेच अक्षर. ‘काऊन : मोठी जाऊ दर रविवारी एकटी बसनं शहरात जाते. मला कोणी विचारतही नाही.’ आणि खाली :

‘जळण. ओलं. धूर होईल. फुंकत राहावं लागेल.’

म्हणजे मी हिच्यावर, तशी ही माझ्यावर जळत होती. अख्खं घर जिच्या हातात कागद देत होतं, ती माझ्या रविवारवर, माझ्या चार तासांच्या बसवर जळत होती. मी ओट्यावर बसले. हसावं की काय करावं कळेना. वंदनाच आधी हसली, मग नाकाला पदर लावून तिथंच बसली.

तुम्ही केलं असतं तेच मी केलं. तिचं कार्ड तिच्यासमोर दगडावर ठेवलं, फुंकणी उचलली आणि चुलीपाशी बसले. लई वेळ लागला. डोळ्यांतून पाणी आलं, ते धुराचं. जाळ धरला तेव्हा मागून तिचा आवाज आला, “हॉल टिकट कधी येते, ताई?”

तर आता थांब्यावर राहिलेल्या भांडणाचं. तुमचं म्हणणं मला कळलं, मॅडम. वाळलेल्याला फुंकत बसायला तुमच्याकडं वेळ नव्हता, आणि तुम्ही मला ओळखलं ते बरोबर ओळखलं. तुम्ही नसता तर ती आग माझी मलाच खाऊन बसली असती, तिच्यावर तुम्ही डिग्री शिजवून दिलीत. जन्मभर उपकार विसरणार नाही. पण वाळलेल्यालाही एखादी फुंकर चालली असती. एखाद्या रविवारी. हे माझं म्हणणं मी मागे घेणार नाही.

कार्डाच्या मागे तुमचं लाल ‘कावुन’ आहे आणि पुढची जागा कोरी आहे. काल पेन घेऊन बसले होते. इतक्या वर्षांत जुळवलेलं वाक्य एकदम फिकं वाटलं, म्हणून लिहिलं नाही. वंदनाचा पेपर होऊ दे, तिचा निकाल लागू दे. तोवर तिला फुंकायचं काम माझ्याकडं. ती पास झाली की आधी तिला लिहायला लावीन, तिनं काय लिहिलं ते वाचीन, आणि मग माझं लिहीन.

तिच्यापेक्षा चांगलं लिहायचं आहे मला.